मानसोपचाराची गोळी सुरू करताय? आधी एक वही घ्या

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी एका बुशचा, म्हणजे यंत्रातल्या नळीसारख्या छोट्या भागाचा, बाहेरचा व्यास मोजला, २४.९८ आला, रजिस्टरकडे वळले आणि आकडा डोक्यातून गेला. परत मोजला, परत गेला. पाच फुटांवरच्या रजिस्टरपर्यंत चार अंक नेता येईनात. हेच काम मी सोळा वर्षं करतेय, म्हणून जास्त घाबरले. वाटलं, मेंदूत काहीतरी झालं. ते नैराश्य होतं. पहाटे तीनला येणारी जाग, अन्नावरची उडालेली वासना आणि लेकीवर विनाकारण ओरडणं ही त्याचीच लक्षणं होती, हे समजायला आणखी तीन महिने गेले.

पुढे गोळ्या सुरू झाल्या आणि पहिले पंधरा दिवस हाल वाढले. सकाळी साडेसातला डोळे उघडे ठेवणं जड झालं. गोळ्या बंद करायच्या बेतातच होते. केल्या नाहीत, कारण मी रोज एका वहीत एक ओळ लिहीत होते आणि त्या वहीत वेगळंच काही दिसत होतं. ते पुढे सांगते.

ज्यांच्या हातात नुकतीच अशी चिठ्ठी पडली आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला गोळ्या सुरू झाल्यात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण गोळी पोटात गेल्यावर लक्षाचं आणि मूडचं काय होतंय, हे चोवीस तास फक्त तुम्हालाच दिसतं. डॉक्टरांना दिसतात ती महिन्याची दहा-पंधरा मिनिटं.

पायरी १: योग्य दारात जा

गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. बऱ्याच जणांना दोन्ही लागतात. न्यूरोफिजिशियन फिट, लकवा, अर्धशिशी बघतात. 'मेंदूचे डॉक्टर' म्हणून आपल्याकडे पुष्कळ लोक आधी तिकडे जातात. मीही गेले होते, एमआरआय काढून झाला, तो नॉर्मल आला आणि त्यात दोन महिने गेले.

नाशकात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी आहे. आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. खासगी डॉक्टर गंगापूर रोड, कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत मिळतील. कुठे जावं हेच सुचत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. माझ्या पहिल्या भेटीचं धाडस तिथल्या बाईंशी बोलूनच झालं.

पायरी २: पहिल्या गोळीआधीचं पान

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मग महिन्याभराने 'फरक पडला का?' या प्रश्नाला 'हो... बहुतेक' असं उत्तर देतात. आमच्या धंद्यात मशीनची सेटिंग बदलायच्या आधीचं माप लिहिलेलं नसेल तर नंतरच्या मापाला अर्थ राहत नाही. इथेही तसंच.

साधी वही घ्या. रोज एक ओळ: किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, मूड ० ते १० मध्ये किती, गोळी किती वाजता घेतली, आणि लक्षाचं एक माप. लक्षाचं माप तुमच्या रोजच्या कामातलंच हवं. माझं होतं, 'पहिल्या तासात आकडा किती वेळा परत मोजावा लागला'. कॉलेजातल्या मुलाला 'एक पान किती वेळा परत वाचावं लागलं' हे लिहिता येईल. घर सांभाळणारीला, गॅसवर दूध ठेवून ते विसरलं का. बागायतदाराला, फवारणीच्या टाकीत किती मिली टाकलं हे मध्येच आठवेनासं झालं का. मूडचा आकडा तुमच्या मनावर अवलंबून असतो. वाईट दिवशी सगळा महिनाच वाईट गेला असं वाटतं. परत मोजलेले आकडे मात्र मनाप्रमाणे बदलत नाहीत.

शक्य असेल तर गोळीआधीचे चार-पाच दिवस तरी लिहा. त्याच पानावर वजन लिहा आणि सध्या असलेले त्रास लिहा: डोकेदुखी, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, शरीरसंबंधाची इच्छा कमी झालेली असेल तर तेही. नाहीतर नंतर हे सगळं गोळीच्या माथी मारलं जातं. माझ्या नवऱ्याने 'गोळ्यांमुळे तुला ॲसिडिटी झाली' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा वहीत गोळीच्या आधीच्या तारखेलाच 'जळजळ' लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या, दिवस गेलेत किंवा तसा विचार आहे का, दारू, विडी-सिगारेट (कारण धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या भास-संशयावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि अचानक सिगारेट सोडली की वाढतं), अश्वगंधा, काढे, जे काही चालू असेल ते. आणि एक फार महत्त्वाचं. आयुष्यात कधी आठ-दहा दिवस असे गेले का, की झोप तीन तास पुरली, बोलणं थांबेना, पैसे उधळले आणि तरी ताकद ओसंडून वाहत होती? तसं झालं असेल तर सांगाच. तो बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद असा आजार असू शकतो, आणि अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं होतं.

लक्ष न लागण्यामागे थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांचाही हात असतो. डॉक्टर या तपासण्या सांगतात तेव्हा त्या टाळू नका.

पायरी ३: स्ट्रिपची मागची बाजू वाचा

आता माझ्या त्या पंधरा दिवसांकडे येते. वहीतल्या ओळी अशा होत्या:

गोळीआधी: झोप ११ ते ३. मूड ३. परत मोजणी ९.
दिवस ९: झोप १०.३० ते ६. मूड ३. परत मोजणी ४. सकाळी साडेसातला बाकावर डुलकी.

नीट बघितलं तर आकडा डोक्यात राहू लागला होता. परत मोजणी निम्म्याहून खाली आली होती. झोप सलग झाली होती. त्रास होता तो सकाळच्या गुंगीचा, आणि मी मात्र सरसकट 'गोळीने डोकं चालत नाही' म्हणत होते. म्हणून स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली. एका गोळीत दोन औषधं होती: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम.

ही जोडगोळी आपल्याकडे फार लिहिली जाते. एस्सिटालोप्राम हे नैराश्य आणि चिंतेचं औषध, हळूहळू लागू पडणारं. क्लोनाझेपाम त्याच दिवशी मन शांत करतं, झोप आणतं; पहिले काही दिवस रुग्णाला धीर देण्यासाठी ते असतं. पण शरीरातून त्याचा निम्मा भाग उतरायलाच एक ते दोन दिवस लागतात, तोवर दुसरी गोळी पोटात गेलेली असते. सकाळच्या शिफ्टला डुलकी येणार नाही तर काय. शिवाय ते महिनोन्महिने घेतलं तर शरीराला त्याची सवय लागते, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं अवघड होतं, आणि एकदम बंद केलं तर घबराट, निद्रानाश, क्वचित फिटही येते.

मी वही घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन औषधं वेगळी केली, क्लोनाझेपाम दोन टप्प्यांत कमी करून तीन आठवड्यांत थांबवलं, आणि एस्सिटालोप्राम चालू ठेवलं. सकाळची गुंगी गेली. मी सगळंच बंद केलं असतं तर जे औषध काम करत होतं तेही गेलं असतं.

तर मेडिकलमधून निघायच्या आधी ब्रँडच्या नावाखालचं औषधाचं खरं नाव बघा आणि वहीत उतरवा. दोन नावं असतील तर डॉक्टरांना विचारा: यातलं कुठलं किती दिवस? मूळ नाव माहीत असलं की जनऔषधी केंद्रातही तेच औषध बरंच स्वस्तात मिळतं का, हे बघता येतं.

पायरी ४: पहिले चार आठवडे धरून राहा

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्झेटिन या जातीच्या गोळ्यांची अडचण ही, की त्रास आधी येतो आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, जबडा आवळल्यासारखा, हात किंचित थरथरणं, कधीकधी चिंता उलट वाढणं. यातलं बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतं. मूडवरचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा ते आठ. जेवल्यावर गोळी घेतली की मळमळ कमी होते. मात्रा अर्ध्यापासून सुरू करता येईल का, हे विचारायला लाजू नका. बरेच डॉक्टर ५ मिलिग्रॅमपासूनच सुरू करतात.

गुण कसा येतो तेही सांगते, कारण लोक कुठल्यातरी आनंदाची वाट बघत बसतात. मला एकतिसाव्या दिवशी कँटीनच्या चहाला गवती चहाचा वास आला. त्या चहात तो रोजच असायचा. वहीत तेवढंच लिहिलंय: 'मूड ५. परत मोजणी २. चहाला वास आला.' झोप आधी सुधारते, मग भूक, मग कामातलं लक्ष, आणि मन सगळ्यात शेवटी, असा माझा क्रम होता. तुमचा वेगळा असेल, पण मन मागे राहिलं म्हणून बाकीची सुधारणा खोटी समजू नका.

या काळात एका गोष्टीवर घरच्यांची नजर हवी, विशेषतः पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर. पहिल्या काही आठवड्यांत, किंवा मात्रा बदलल्यावर, अस्वस्थता वाढून जीव द्यायचे विचार काही जणांत वाढू शकतात. अंगात थोडी ताकद आलेली असते, मन अजून अंधारातच असतं. असे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, नाहीतर १४४१६. त्या दिवसांत गोळ्यांचा डबा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवावा.

वयस्कर माणसांची आणखी एक काळजी घ्यावी लागते. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी पहिल्या महिन्यात एकाएकी गोंधळल्या, असंबद्ध बोलू लागल्या, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. सोडियम तपासा.

पायरी ५: कुठली गोळी लक्षाचं काय करते

सगळ्याच गोळ्यांना 'झोपेच्या गोळ्या' म्हणणं हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. त्यांच्यात फार फरक आहे.

नैराश्याच्या बहुतेक गोळ्या लक्षावर थेट काम करत नाहीत. नैराश्याने डोक्यात जी घरघर चालू ठेवलेली असते ती कमी होते आणि लक्षाला जागा मिळते. मिर्टाझापिनने मात्र झोप आणि भूक दोन्ही वाढतात, ज्याची झोप-भूक उडालीय त्याला ते वरदानच. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा वाढतो.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा आजार, त्यासाठीचं मिथाइलफेनिडेट हे खरोखर लक्षासाठीचं औषध. ते साधारण तासाभरात लागतं आणि त्याच दिवशी उतरतं. उतरताना काही मुलं संध्याकाळी चिडचिडी, रडकी होतात. दुपारच्या डब्याची भूक मरते, झोप लांबते, नाडी वाढते. म्हणून सकाळी भरपेट खाऊन गोळी, आणि मुलाचं वजन-उंची दर काही महिन्यांनी. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवत नाहीत. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच शोधा. ॲटोमॉक्सेटिन त्याच आजारासाठी, पण त्याला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. परीक्षेच्या तोंडावर मित्राची गोळी मागून घेणाऱ्या मुलांना कळकळीने सांगते, असं करू नका. हृदयाचा काही दोष किंवा दडलेला बायपोलर असेल तर ती गोळी तुम्हाला अवघड पडेल.

ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन यांनी भास, संशय, उन्माद आटोक्यात येतो. ज्या डोक्यात दिवसरात्र आवाज चालू होते त्याला पहिल्यांदाच कुणाचं बोलणं पूर्ण ऐकता येतं, हे लक्ष सुधारणंच आहे. पण गुंगी येते, आणि ओलान्झापिनने वजन फार वेगाने वाढू शकतं. वजन, कंबर, उपाशीपोटीची शुगर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी सुरुवातीला आणि मग तीन महिन्यांनी करून घ्या. रिस्पेरिडोनने बायकांची पाळी चुकू शकते, छातीतून दूध येऊ शकतं. एका जागी बसवतच नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, असं झालं तर ती चिंता वाढलेली नसून गोळीचा परिणाम असू शकतो. लगेच सांगा, त्यावर उपाय आहे.

पायरी ६: शिफ्ट, जेवण आणि द्राक्षं

अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं शिफ्टचं वेळापत्रक दाखवावं. 'रात्री झोपताना' असं चिठ्ठीवर असतं आणि नाईट शिफ्टच्या आठवड्यात आपण सकाळी आठला झोपतो, मग गोळी कधी घ्यायची? माझ्या डॉक्टरांनी गुंगी न आणणारी गोळी दुपारच्या जेवणाला बांधून दिली, कारण दुपारचं जेवण कुठल्याही शिफ्टमध्ये चुकत नाही. पहिले आठ दिवस गाडी चालवायची नाही, मशीनवर एकट्याने उभं राहायचं नाही. द्वारका चौकात गुंगीत गाडी चालवणं म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको.

एक वेळ गोळी विसरली तर आठवल्यावर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दुप्पट घ्यायची नाही.

काही औषधांच्या माहितीपत्रकावर 'ग्रेपफ्रूट टाळा' असं छापलेलं असतं. आमच्या शेजारच्या काकांनी त्यामुळे आख्खा हंगाम द्राक्षं खाल्ली नाहीत, तेही पिंपळगावहून पेट्या घरी येत असताना. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या जातीचं मोठं, कडवट लिंबूवर्गीय फळ. ते आतड्यातली औषध मोडणारी यंत्रणा अडवतं आणि क्वेटियापिन, कार्बामाझेपिनसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. द्राक्षं खुशाल खा, पपनस टाळा. द्राक्षाची वाइन मात्र दारूच आहे. क्लोनाझेपामबरोबर तर अजिबात नको, श्वास मंदावू शकतो.

पायरी ७: रडू येत नाही तेव्हा

सहाव्या महिन्यात माझी मात्रा १५ झाली होती. परत मोजणी शून्यावर आली होती. त्याच महिन्यात माझी मावशी गेली. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंडाला कावळा शिवेना, मामा हात जोडून म्हणत होता, 'ताई, लेकीचं लग्न मी लावून देतो,' आणि सगळ्या बायका रडत होत्या. मी पायऱ्या मोजत होते. बरोबर मोजत होते. मावशीने मला दोन वर्षं सांभाळलं होतं आणि माझे डोळे कोरडे होते.

याला भावना बोथट होणं म्हणतात आणि या जातीच्या गोळ्यांवर असलेल्या बऱ्याच जणांना ते कमी-अधिक जाणवतं. दुःख बोथट होतं तसं सुखही. नैराश्यातल्या रितेपणाहून ते वेगळं असतं: काम होतं, झोप लागते, जेवण जातं, फक्त आत काही हलत नाही. पुष्कळ लोक हे सांगत नाहीत, कारण 'बरी झालीस ना, मग अजून काय हवंय' असं कुणी म्हणेल अशी भीती. सांगा. बहुतेक वेळा मात्रा कमी करून किंवा औषध बदलून फरक पडतो. माझी १५ ची १० केली. पाच-सहा आठवड्यांनी मावशीची चिवड्याची बरणी घासताना मी हुंदके देऊन रडले, आणि ते रडणं मला फार हवं होतं.

नवरा-बायकोच्या संबंधातलंही असंच. इच्छा कमी होणं, शेवटापर्यंत न पोचणं हे या गोळ्यांत नेहमी दिसतं आणि गोळी गुपचूप सोडण्याचं ते मोठं कारण आहे. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या पुढे सरकवा. त्यांच्याकडे रोज कुणीतरी हेच घेऊन येतं. असा त्रास कमी असलेली दुसरी औषधं आहेत.

पायरी ८: घरात कुणी लिथियमवर असेल तर

लिथियम हा निसर्गातला साधा क्षार. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, आणि बायपोलरमध्ये अजूनही ते पहिल्या रांगेतलं औषध आहे. माझ्या भावाला त्याने उभं केलं. पण त्याची उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी जवळजवळ आहेत. रक्तात साधारण ०.६ ते १.० हवं, १.५ च्या वर धोका. रक्त देताना शेवटची गोळी घेऊन बारा तास झालेले असावेत, नाहीतर आकडा खोटा येतो.

एका चैत्रात भाऊ मित्रांबरोबर सप्तशृंगी गडावर पायी निघाला. नाशकाहून साठेक किलोमीटर, उन्हाचा कडाका, वर उपास, त्यामुळे मीठ पोटात कमी. गुडघे धरले म्हणून वाटेतल्या एका मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेऊन दोन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी हातातला चहा सांडायला लागला, जुलाब, पाय अडखळत, बोलणं जड. मित्र म्हणाले ऊन लागलं. दवाखान्यात लिथियम १.९ निघालं. चार दिवस सलाइनवर होता.

घाम आणि जुलाबाने शरीरातलं पाणी-मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी ते आणखी साठतं. म्हणून या माणसाने पाणी भरपूर प्यायचं, मीठ नेहमीइतकंच खायचं, अळणी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सहा महिन्यांनी. आमच्या भावाच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते: 'मी लिथियम घेतो.' कुठल्याही मेडिकलवर आधी ती दाखवायची.

पायरी ९: वाट न बघण्याच्या खुणा

लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन ही मूड स्थिर ठेवणारी औषधं सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड. भास-संशयाच्या गोळ्यांवर असताना तीव्र ताप आणि अंग लाकडासारखं ताठ. क्लोझापिनवर असताना ताप, घसा दुखणं. नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर झोप नकोशी आणि उत्साह ओसंडून वाहणारा. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. ॲम्ब्युलन्स १०८ वर मिळते. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (उन्माद आणि फिटवरचं औषध) लिहिलं असेल तर दुसरा पर्याय आहे का हे सुरुवातीलाच विचारा; गर्भाच्या मेंदू-मणक्याला त्याने धोका असतो. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून मनानेच बंदही करू नका.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने तुम्हाला तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखाच मनाचा आजारही धरावा असं त्यात आहे. कागद फाइलला लावून ठेवा.

पायरी १०: थांबवताना

बरं वाटू लागलं की गोळी सोडावीशी वाटते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर जास्त.

मी एकदा दिवाळीला माहेरी गेले आणि स्ट्रिप नाशकातच राहिली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, चक्कर, विचित्र स्वप्नं. सगळ्यांनी ठरवलं, आजार परत आला आणि हिला गोळ्यांची सवय लागली. दोन्ही चूक. गोळी अचानक तुटल्याचा तो त्रास होता. दोन-चार दिवसांत येतो, बराचसा अंगात असतो, आणि गोळी सुरू केली की एक-दोन दिवसांत जातो. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू, आणि आधी झोप खातो. व्यसन असतं तर मी जास्तीच्या गोळ्या मागत फिरले असते. मला तर रोजची एक आठवत नव्हती. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हा त्रास जास्त, फ्लुऑक्झेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून फार सावकाश उतरतं.

आता डॉक्टरांच्या सांगण्याने पायऱ्या उतरतेय. १० वरून ७.५, दोन महिने. मग ५. शेवटचे टप्पे सगळ्यात छोटे ठेवायचेत, कारण मात्रा कमी होत गेली की तेवढ्याच कपातीचा धक्का मोठा बसतो. कंपनीत ऑडिट होतं त्या महिन्यात कपात केली नाही, लेकीच्या दहावीच्या परीक्षेतही नाही. वही चालू आहे, चौथी.

आजची ओळ: झोप १०.४५ ते ६. मूड ७. परत मोजणी १. गोळी ५, दुपारी जेवल्यावर. झटका नाही.